सनईला नंबर मिळाला, ढोलाला नाही

महाड-पोलादपूरच्या गावांत लग्नाची वरात निघाली, की पुढे खालूबाजा आलाच. सनई, ढोल, टिमकी. वाजवणारे चालता चालता लय धरतात आणि रंगात आले की तीच लय थोडी पुढे रेटतात. हा बाजा कॉम्प्युटरवर उतरवायचा तर आधी गाठ पडते पियानो रोलशी. जुन्या स्वयंचलित पियानोत भोकं पाडलेली कागदाची गुंडाळी घालत, तिचंच हे नाव.

संगीत जुळवायचं सॉफ्टवेअर एफएल स्टुडिओ असो की रीपर, पडदा साधारण सारखाच. डाव्या कडेला पेटीच्या पट्ट्या उभ्या लावलेल्या, उजवीकडे चौकटीच चौकटी, आणि प्रत्येक सूर म्हणजे एक आडवा ठोकळा. ठोकळा लांबवला की सूर लांबतो, एक घर वर सरकवला की अर्ध्या स्वराने चढतो. खालच्या उभ्या रेघा जोर सांगतात, १ ते १२७. यात आवाज मात्र कुठेच नाही! कोणती पट्टी, कधी दाबली, किती जोराने, कधी सोडली, एवढीच ही नोंद, आणि तिच्या भाषेचं नाव मिडी. म्हणून अख्ख्या गाण्याची मिडी फाइल काही किलोबाइटांत मावते आणि हीच चाल सनईऐवजी बासरीवर ऐकायला एक क्लिक पुरतं.

जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका वायरीने जोडून ही भाषा जगाला दाखवली गेली. दोनच वर्षांनी रोलंडचा ऑक्टोपॅड आला, ज्याच्याशिवाय आज मराठी ऑर्केस्ट्राचं पान हलत नाही. पहिल्या ऑक्टोपॅडला स्वतःचा आवाजच नव्हता. काठी पडली की तो फक्त मिडी पाठवायचा.

१९९१ मध्ये 'जनरल मिडी' या प्रमाणकाने १२८ वाद्यांना नंबर वाटून दिले. त्यात सनई आहे, ११२ वी. बँजोही आहे, १०६ वा, पण तो अमेरिकन; आपल्या बँजो पार्टीतला बुलबुल तरंग नव्हे. तालवाद्यांच्या ४७ आवाजांत बोंगो, कोंगा, शिट्टीसुद्धा आहे. ढोल-ताशा नाही.

नवशिक्याचा हात हमखास जातो तो 'क्वांटाइझ'कडे. बटण दाबलं की पुढेमागे पडलेले सगळे ठोके जवळच्या रेघेवर जाऊन बसतात. वेस्टर्न पॉपला ते शोभतं. खालूबाज्याचा मात्र जीव जातो. त्यापेक्षा प्रमाण ५० टक्के ठेवावं: २० मिलिसेकंद आधी पडलेला ठोका मग १० मिलिसेकंद आधी राहतो. चूक झाकली जाते, चाल मरत नाही.

सनईची अडचण वेगळी. तिचे सूर घरं मोजत चढत नाहीत, घसरत जातात; हीच मींड. त्यासाठी 'पिच बेंड'ची वक्ररेषा हाताने काढावी लागते. सहसा तिची मर्यादा वर-खाली दोन अर्धस्वरांची असते, आणि सा ते प हे अंतर सात अर्धस्वरांचं. आधी मर्यादा वाढवली नाही, तर मींड रिषभावरच अडते. ही मर्यादा सिंथेसायझरमध्येही तेवढीच लावावी लागते, नाहीतर सूर भलतीकडेच जातो.

ढोलाला नंबर नसला तरी वाट आहे. खऱ्या ढोलाच्या दोन्ही तोंडांचे आवाज रेकॉर्ड करून सॅम्पलरमध्ये दोन पट्ट्यांवर बसवायचे. प्रत्येक ठोका हलक्यापासून दणक्यापर्यंत चार-पाच प्रकारे घ्यायचा आणि जोराच्या आकड्यानुसार वाटायचा. एकाच ठोक्यावर भागवलं, तर भरभर वाजवताना ढोल शिवणयंत्रासारखा टकटकतो.