भरतीचा अंदाज

बोरिवलीच्या फलाटावर सकाळी उभा असलेला माणूस, गाडी अजून दहिसरकडून येतेय तोवरच निकाल देतो : सोड, पुढची घेऊ. दारातून किती खांदे बाहेर आलेत हे त्याला दुरून दिसतं. गाडी विरारहून आलीय की इथूनच सुटणार, हे तो घड्याळावरून ओळखतो. एका चौरस मीटरमध्ये 14 ते 16 माणसं उभी असली की रेल्वे त्याला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ म्हणते. आपण घरी येऊन म्हणतो, आज जरा गर्दी होती.

असा माणूस आयुष्यात पहिल्यांदा क्रूझला जायचं ठरवतो तेव्हा ट्रॅव्हल्सवाल्याला तो दोन प्रश्न विचारतो. पहिला भावाचा, आणि दुसरा, खरा : “बोट किती भरलीय हो?” रोजच्या गर्दीतून चार दिवस सुटायला पैसे मोजायचे आणि तिथेही नाश्त्याच्या रांगेत अंधेरी स्टेशन भेटायचं, हे त्याला नको असतं. ट्रॅव्हल्सवाला पडद्याकडे बघतो, दोन-चार कळा दाबतो आणि म्हणतो, “फास्ट भरतेय.” हे उत्तर तो जानेवारीतही देतो आणि पितृपक्षातही.

जहाज सुटण्याआधी ते किती भरेल हे ओळखणं ही एक स्वतंत्र विद्या आहे. ती कंपनीच्या हिशेबनिसाकडे असते, मुरलेल्या एजंटाकडे असते आणि आता थोडीफार प्रवाशांकडेही आली आहे. पण तिची सुरुवात एका विचित्र आकड्यापासून होते. क्रूझच्या धंद्यात जहाज ‘शंभर टक्के भरलं’ याचा अर्थ आता मुंगी शिरायला जागा नाही, असा नसतो. एका केबिनमध्ये दोघं, हा पाया धरून तो शंभराचा आकडा काढतात. मुंबईकरांच्या ओळखीचं ‘एम्प्रेस’ घ्या. फ्रान्समधल्या सें-नाझेरच्या गोदीत बांधलेलं, 1990 साली ‘नॉर्डिक एम्प्रेस’ नावाने रॉयल कॅरिबियनच्या ताफ्यात आलेलं आणि सप्टेंबर 2021 पासून कॉर्डेलिया क्रूझेससाठी मुंबईहून फिरणारं हे 211 मीटर लांबीचं जहाज. केबिन 796. दुणे 1,592. एवढे प्रवासी झाले की कागदावर शंभर टक्के. पण बऱ्याच केबिनमध्ये भिंतीतून खाली ओढायचे आणखी एक-दोन बर्थ असतात. त्यांवर मुलं झोपली की आकडा शंभराच्या पुढे जातो. परदेशातल्या मोठ्या कंपन्या आपल्या वार्षिक अहवालात शंभराच्या वरचे टक्के बिनदिक्कत छापतात.

हे परदेशी वाचकाला समजावून सांगावं लागत असेल. आपल्याला नाही. लोकलचं बाक तिघांचं आणि त्यावर बसतात चौघं, चौथा अर्ध्या मांडीवर टेकलेला. क्रूझच्या भाषेत ते बाक 133 टक्के भरलं. फरक एवढाच की जहाजावरच्या चौथ्या सीटला मर्यादा आहे आणि ती मर्यादा बिछान्यांनी ठरत नाही. ती ठरते जीवरक्षक नौकांनी. जहाजाच्या प्रमाणपत्रावर कमाल माणसांचा आकडा असतो, आणि कुठल्या केबिनच्या लोकांनी संकटात कुठे जमायचं, कुठल्या नौकेत बसायचं हेही आधी नेमून दिलेलं असतं. एका भागातली लेकुरवाळी कुटुंबं वाढली की त्या भागात तिसरा-चौथा बर्थ विकणं बंद होतं, मग केबिन रिकाम्या का असेनात. म्हणून आईबाप आणि दोन मुलांना ‘फुल्ल’ म्हणून परत पाठवणारं जहाज त्याच दुपारी नवराबायकोला खोली देतं. लोकांना वाटतं एजंट खोटं बोलला. त्या वेळी तरी तो खरं बोललेला असतो.

जाणते प्रवासी यातूनच एक युक्ती करतात. बुकिंगच्या पानावर आधी दोन माणसं टाकून बघायची, मग चार टाकून. दोघांना मिळतंय आणि चौघांना नाही, याचा अर्थ जहाजावर पोरंटोरं भरपूर. स्विमिंग पूलची आशा सोडा. दुसरी युक्ती प्रत्येक केबिनचा क्रमांक मोजत बसण्याची, आणि ती फसवी आहे. कंपनी सगळ्या रिकाम्या केबिन कधीच दाखवत नाही, मूठभर दाखवते. त्यातून ‘गॅरंटी’ नावाचा प्रकार असतो : वर्ग ठरलेला, क्रमांक नंतर कळवू. असे पैसे भरून बसलेले पण नकाशावर कुठेच न दिसणारे प्रवासी त्या रिकाम्या वाटणाऱ्या चौकोनांत नंतर जाऊन बसतात. उलटही घडतं. एखाद्या लग्नासाठी किंवा कुठल्या कंपनीच्या डीलर-संमेलनासाठी शेदोनशे केबिन अडवून ठेवलेल्या असतात. पडद्यावर जहाज फुल्ल दिसतं, आणि वऱ्हाड कमी पडलं की त्या केबिन एकदम मोकळ्या होऊन बाजारात येतात. भाव अचानक उतरला की समजावं, कुणाचं तरी वऱ्हाड आटलं.

पण माझ्या मते, मुंबईहून सुटणाऱ्या जहाजाचा अंदाज घ्यायला पडद्यापेक्षा कॅलेंडर बरं. तेही भिंतीवरचं, मराठी. 31 डिसेंबर, प्रजासत्ताक दिनाला जोडून आलेला शनिवार-रविवार, दिवाळीची सुट्टी, हे कुणीही सांगेल. खरी परीक्षा मधल्या आठवड्यांची. दहावी-बारावीच्या परीक्षा सुरू झाल्या की कुटुंबांची गर्दी ओसरते. पितृपक्षात शुभकार्यं नाहीत, म्हणजे जहाजावरची लग्नंही नाहीत. नवरात्रात बोरिवलीचं गरब्याचं मैदान सोडून गुजराती तरुण मंडळी समुद्रावर जातील, ही आशा कुणी करू नये. मुलुंड-घाटकोपरच्या गुजराती, जैन आणि मराठी कुटुंबांच्या सुट्ट्या कधी जुळतात आणि कधी नाही, हे ज्याला कळलं त्याला अर्धं जहाज कळलं. पावसाळ्याचा प्रश्नच नाही. पश्चिम किनारा खवळला की जहाजच मुक्काम हलवतं. 2022च्या जूनमध्ये ‘एम्प्रेस’ने चेन्नई गाठली होती.

कंपनीचा माणूस हेच काम वेगळ्या तऱ्हेने करतो. त्याच्याकडे मागच्या वर्षीची वही असते. गेल्या वर्षी याच फेरीच्या साठ दिवस आधी किती केबिन गेल्या होत्या, यंदा किती? मागे असलो तर भाव पाडायचा की थांबायचं? त्याचं दुखणं असं की जहाज अर्धं असलं तरी इंधन, खलाशी, बंदराचं भाडं जवळपास तेवढंच, आणि सुटलेल्या जहाजाची रिकामी केबिन उद्या विकता येत नाही. भाजीवाला संध्याकाळी उरलेली मेथी निम्म्या भावात देतो, तसंच हे. मुंबईच्या किनाऱ्याने असे हिशेब बरेच पाहिलेत. 2018 साली मुंबई–गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ आली. 2019 साली जालेश कंपनीची ‘कर्णिका’ आली आणि 2020च्या महामारीनंतर अलंगच्या भंगारात गेली.

जहाज बाहेरून बघून मात्र काही कळत नाही. समुद्री नियमांत एका प्रवाशाचं वजन साधारण 75 किलो धरतात. 1,600 माणसं म्हणजे 120 टन. ऐकायला खूप वाटतं, पण एवढ्या लांबरुंद जहाजाला ते जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर बुडवेल. हा माझा ढोबळ हिशेब, गोदीतल्या इंजिनिअरने हसू नये. मुद्दा एवढाच की धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसाला रिकामं आणि भरलेलं जहाज सारखंच दिसतं. छोट्या लाँचचं तसं नाही. ऐंशी माणसं चढली की ती पाण्यात दहा-बारा सेंटिमीटर बसते. डोळ्यांना दिसते, पायांना जाणवते.

दिसूनही न बघितल्याची उदाहरणं आपल्याकडे आहेत. 17 जुलै 1947, आषाढ अमावस्येच्या तोंडावर ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. बोटीवर एकूण किती जण होते, याचे आकडे आजही पुस्तकागणिक बदलतात. कोकणच्या आगबोटींची आठवण काढणारी म्हातारी माणसं डेकवर वळकटी टाकून जागा धरल्याचं कौतुकाने सांगतात. मालवण-वेंगुर्ल्याला बोट किनाऱ्याला लागत नसे, होडीतून जाऊन शिडी गाठायची. त्या गडबडीत डोकी कोण मोजणार? 18 डिसेंबर 2024 रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची स्पीडबोट आदळली. तेव्हा कळलं की परवाना 84 प्रवाशांचा होता आणि लाँचवर शंभराहून अधिक जण होते. मोठ्या प्रवासी जहाजांना आंतरराष्ट्रीय नियमाने सुटण्याआधी प्रत्येक माणूस मोजावाच लागतो. क्रूझच्या दारात कार्ड टेकवल्यावर ‘टिंग’ वाजतं, ते काही स्वागतासाठी नव्हे.

परवा अशाच एका एजंटच्या दुकानातून निघाल्यावर मी मुद्दाम अंधेरीला उतरून वर्सोव्याच्या जेटीवर गेलो. पलीकडे मढ. पाण्यातून पाचेक मिनिटं, रस्त्याने मालाडचा वळसा घालून वीसेक किलोमीटर. या फेरीला ना केबिन, ना गॅरंटी. मोटरसायकली आधी चढतात, मग टोपल्या, मग माणसं. इथे किती भरेल हे कुणी आदल्या दिवशी सांगू शकत नाही. भरती-ओहोटी, शाळा सुटायची वेळ, मढला शूटिंग आहे की नाही, यावर सगळं अवलंबून. दोरी हातात धरलेला पोरगा माणसांकडे बघतच नव्हता. त्याची नजर खाली, बोटीच्या रंगाच्या पट्ट्यावर होती. पट्टा पाण्याला टेकायच्या बेतात आला तसा त्याने हात आडवा केला. धावत आलेल्या दोघांपैकी एकजण ओरडला, “अरे, दोघंच आहोत!”

पोराने दोरी सोडली. “पुढची घ्या.”