जबडा अडकला, मग कोणता फोटो काढायचा?

मी परभणीचा, पोटापाण्यासाठी कोड लिहितो. आज विषय जबड्याचा. कानाच्या पुढे बोट ठेवा आणि तोंड उघडा. बोटाखाली हलतंय ना? तोच जबड्याचा सांधा.

माझा डावा सांधा वर्षभर कट्‌कट वाजायचा. एका सकाळी आवाज थांबला, पण तोंड दोन बोटांच्या वर उघडेना. भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. ओपीजी काढला, रिपोर्ट नॉर्मल! घरचे म्हणाले, "टेन्शन घेतोस तू." क्षणभर मलाही ते खरं वाटलं.

मग कळलं, प्रत्येक फोटो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो.

ओपीजी म्हणजे अख्ख्या जबड्याचा सपाट एक्स-रे. स्वस्त, झटपट. फ्रॅक्चर किंवा हाडाची मोठी झीज कळते. पण फोटो काढताना आपण पुढच्या दातांत एक काडी धरतो, त्यामुळे खालचा जबडा पुढे सरकतो. मग सांधा एरवी नेमका कुठे बसतो, हे त्यावरून कसं सांगणार?

सीबीसीटी थ्रीडी असतो. दात मिटून काढला की जबड्याचं गोल टोक खाचेत कुठे आहे, पुढे-मागे-वर किती जागा आहे, हे मोजता येतं. रेडिएशन ओपीजीपेक्षा जास्त, पण साध्या सीटी स्कॅनपेक्षा बहुतेक वेळा कमी. मात्र टोक थोडं मागेपुढे असणं निरोगी लोकांतही दिसतं. नुसत्या त्या मापावर उपचार ठरवायचे नसतात.

आणि हाडांच्या मधली मऊ चकती? ती या दोन्हींत दिसत नाही. त्यासाठी एमआरआय. तोंड मिटून एकदा, उघडून एकदा. एक्स-रे अजिबात नाहीत, पण महाग. पेसमेकर असेल तर आधी सांगा. दातांच्या तारांमुळे फोटो बिघडू शकतो, तेही सांगा.

माझ्या एमआरआयमध्ये चकती पुढे सरकून तिथेच अडकलेली दिसली. हाड ठीक होतं, म्हणजे ओपीजी खोटा नव्हता. आम्ही त्याला चुकीचा प्रश्न विचारला होता. ऑपरेशन लागलं नाही. मऊ जेवण, व्यायाम, आणि आता तीन बोटं जातात.

अजून एक. गुटखा-सुपारीनंही तोंड उघडणं कमी होतं, कारण गाल आतून ताठर होतात. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, पण पुड्या कुठे मिळतात ते तुम्हाला माहीतच आहे. तिथे स्कॅनच्या आधी डॉक्टरांनी तोंडात बघणं महत्त्वाचं, कारण पुढे त्यातून कॅन्सर होऊ शकतो.

तर आत्ताच तीन बोटं उभी धरून बघा. जात नसतील तर दातांच्या डॉक्टरांकडे जा आणि विचारा, "या फोटोत नेमकं काय शोधायचंय?" भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!