सांधा निखळला म्हणून घर मोडावे काय?

कवठे महांकाळकडे पाऊस बेताचा. त्यामुळे मातीच्या सपाट माळवदाची घरे इकडे पूर्वापार बांधली गेली. तळखड्यावर खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, त्यांवर किलचे, पाला आणि शेवटी पांढरी माती, असा त्यांचा क्रम. अशा सांगाड्याचे बळ लाकडाच्या जाडीत जितके, तितकेच कोपऱ्यांतील सांध्यांत असते. आमच्या वडिलोपार्जित घराचा ईशान्येकडील सांधा निखळला, तेव्हा हे आम्हांस खऱ्या अर्थाने उमगले.

तुळईचे कुसू कुजून खांबाच्या खाचेतून बोटभर बाहेर आले होते. धाकटे बंधू म्हणाले, "दादा, हे आता पाडावे. स्लॅब घालू आणि ज्याचा त्याचा वाटा निराळा करू." त्यांचे म्हणणे अगदीच गैर नव्हते, त्याच खोलीत नातवंडे निजत. मातोश्री काही बोलल्या नाहीत. मात्र त्या कोपऱ्यातील देव्हारा त्या हलवू देईनात.

गावातील एका वृद्ध सुतारास बोलाविले. पटाशीने लाकूड टोचून पाहत तो म्हणाला, "मास्तर, लाकूड म्हातारं झालं न्हाई. तुमी ह्येचं नाक दाबलंय." ते खरेच होते. गळती थांबावी म्हणून तुळईच्या टोकाभोवती सिमेंटचा गिलावा आम्हीच मोठ्या हौसेने करविला होता. फटींतून पाणी आत शिरे. पण लाकडास वाळण्यास वाट उरली नव्हती.

दुसरा अपराधही आमचाच. गळले की माती टाकावयाची, हा आमचा वर्षानुवर्षांचा परिपाठ. दाबलेली माती घनफुटास सुमारे ४५ किलो भरते. दहा फूट लांब व दहा फूट रुंद माळवदावर तिचा एक फूट थर म्हणजे साडेचार टनांचा भार! ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे दगावली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माथ्यावरील असली जड माती ही त्या संहाराची मोठी कारणे होती. तेव्हा जुन्या घराचा अभिमान धरणाऱ्याने आधी हा भार मोजला पाहिजे.

दुरुस्तीचा क्रम सुताराने सांगितला तो असा: प्रथम जादा माती उतरवावी, मग तुळईस दोन्ही अंगांनी टेकू द्यावेत, कुजके लाकूड निरोगी गाभा लागेपर्यंतच कापावे, तेथे पक्क्या वाळलेल्या सागाचा तुकडा लांब तिरक्या सांध्याने जोडून लाकडी खुंट्यांनी आवळावा. टोकाशी हवा खेळती ठेवावी आणि पन्हळ भिंतीपासून दूर न्यावी.

हा विचार काही केवळ खेड्यातील नव्हे. रशियातील किझी बेटावर १७१४ साली उभारलेले ओंडक्यांचे चर्च असेच जीर्ण झाले होते. त्याचा वरचा भाग अधांतरी तोलून धरून खालचे थर क्रमाने उतरविले, नासलेले ओंडके तेवढे बदलले आणि २०२० मध्ये ते काम पुरे झाले. आपल्याकडेही 'मयमत' या वास्तुग्रंथात सन्धिकर्मास स्वतंत्र अध्याय आहे. त्यातील एका सांध्याचे नाव 'मेषयुद्ध'. झुंजणारे दोन मेंढे एकमेकांस भिडून उभे राहावेत, तशी ही कल्पना!

प्रत्येक घर वाचवितां येतेच असे नाही. अनेक खांब तळाशी पोकळ झाले असतील, भिंती फुगल्या असतील, तर जाणत्या अभियंत्याचा सल्ला घेऊन ते उतरविणेच शहाणपणाचे. आमच्या घरात मात्र बिघाड एका कोपऱ्यापुरता होता.

काम चालू असता बंधू रोज येऊन टेकू तपासून जात. पुढे वाटणी झाली ती कागदावर झाली. चुली निराळ्या झाल्या, माळवद एकच राहिले. नवा सांधा अजून रंगाने वेगळा दिसतो. तो रंगवून झाकावा काय, असे बंधूंनी विचारले. आम्ही म्हटले, नको. कोठे मोडले होते, हे मुलांना दिसू द्या.