डुकरांचे रोग आणि गोठ्याचें फाटक

डुक्कर हा शब्द आपल्या भाषेंत बहुधा शिवी म्हणूनच तोंडीं येतो. घाण, आळस आणि खादाडपणा ह्या तिन्ही दुर्गुणांचा हा प्राणी म्हणजे पुतळाच, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आणि जो स्वभावतःच घाणेरडा तो रोगी व्हावयाचाच, असें मानून त्याच्या आरोग्याचा विचार करण्याचे श्रमहि कोणी घेत नाहीं. वस्तुस्थिति निराळी आहे. डुकराच्या कातडीस घाम जवळजवळ येतच नाहीं. म्हणून उन्हानें व्याकुळ झालें म्हणजे तें चिखलांत लोळून आपलें अंग थंड करितें. पुरेशी जागा मिळाल्यास तें आपली निजण्याची जागा व मलमूत्राची जागा वेगळी ठेवितें. उकिरड्यावरचें जिणें त्याच्या वांट्यास आलें तें त्याच्या आवडीमुळें नव्हे, आपल्या अनास्थेमुळें होय.

आणि हाच तिरस्कृत प्राणी लक्षावधि कुटुंबांची ठेव आहे. २०१९ सालच्या पशुगणनेंत आपल्या देशांत सुमारें ९० लाख ६० हजार डुकरें मोजलीं गेलीं. त्यांपैकीं सुमारें २१ लाख एकट्या आसामांत होतीं. ईशान्येकडील मुलखांत घरामागें दोन-तीन डुकरें बाळगावयाचीं, कोंडा, भाजीचा पाला व अळूचीं पानें शिजवून त्यांस घालावयाचीं, आणि मुलाची फी, लग्न किंवा आजारपण निघालें कीं एक विकावयाचें, ही तेथील अनेक कुटुंबांची रीत आहे. ज्या घरीं पेढीचें पुस्तक नाहीं, तेथें गोठा हीच पेढी. अशा घरचीं सर्व डुकरें दोन आठवड्यांत मेलीं म्हणजे त्या घराचें काय होत असेल, ह्याची कल्पना विद्यार्थिमित्रांनीं करावी. म्हणून डुकरांचे रोग कसे येतात व ते कसे टाळावे, हें आपण सर्वांनींच जाणून घेण्यासारखें आहे.

ह्या रोगांपैकीं कांहीं केवळ उणिवेचे असतात. डुकरिणीच्या दुधांत लोह फार थोडें असतें, आणि फरशीच्या गोठ्यांत जन्मलेल्या पिलास तें मातींतूनहि मिळत नाहीं; अशीं पिलें कांहीं दिवसांत फिकट पडतात व खंगतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशीं लोहाचें इंजेक्शन दिल्यास हें संकट टळतें. कांहीं रोग कृमींचे असतात. त्यांतील पट्टकृमि तर माणसासहि घातक आहे. त्याचीं अंडीं माणसाच्या विष्ठेंतून उघड्यावर चरणाऱ्या डुकराच्या पोटांत जातात व त्याच्या मांसांत दाण्याएवढ्या पुटकुळ्या होतात. तें मांस नीट न शिजवितां खाणाऱ्याच्या आंतड्यांत कृमि वाढतो. आणि त्याचीं अंडीं अस्वच्छ हातांनीं अन्नांत गेलीं तर माणसाच्या मेंदूंत गांठी होऊन फेफरें येतें. शौचकूप आणि बंदिस्त गोठा ह्या दोन साध्या सोयींनीं हें चक्र तुटतें.

परंतु सर्वांत भयंकर ते सांथीचे ज्वर. त्यांत मुख्य दोन. पहिला वराहज्वर. अमेरिकेंत ह्यास ‘हॉग कॉलरा’ म्हणत. १९०३ सालीं द श्वाइनिट्झ व डॉर्सेट ह्या शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं, ह्याचें बीज इतकें सूक्ष्म आहे कीं जंतूंस अडविणाऱ्या गाळणींतूनहि तें पार होतें. म्हणजे तो विषाणु आहे. पुढें १९६१ सालीं कायदा करून त्या देशानें मोहीम आरंभिली व १९७८ सालीं रोगाचें निर्मूलन जाहीर केलें. ह्या ज्वरावर चांगली लस आहे आणि ती आपल्या देशांतहि तयार होते. तेव्हां पशुवैद्याच्या सल्ल्यानें ती योग्य वेळीं टोंचून घेणें, एवढें मालकाचें कर्तव्य राहतें.

दुसरा आफ्रिकन वराहज्वर. दिसण्यांत पहिल्याचा जुळा भाऊ. परंतु त्याचा विषाणु अगदीं निराळा, आणि पहिल्याची लस ह्यावर निरुपयोगी. त्याची शास्त्रीय हकीकत मॉन्टगोमेरी ह्या पशुवैद्यानें १९२१ सालीं प्रसिद्ध केली. पूर्व आफ्रिकेंत, आजच्या केनिया देशांत, युरोपीय वसाहतवाल्यांचीं डुकरें पटापट मरूं लागलीं होतीं. तेथील वॉर्टहॉग नांवाचे रानटी वराह मात्र हाच विषाणु अंगांत वागवून सुखानें नांदत होते. त्यांच्या बिळांत राहणाऱ्या एका जातीच्या मऊ गोचिडीच्या दंशानें तो एकाकडून दुसऱ्याकडे जात असे. पाळीव डुकरांच्या रक्तास त्याची ओळख नव्हती, म्हणून तीं त्यास बळी पडलीं.

आतां हा विषाणु आफ्रिकेंतून आसामपर्यंत कसा आला, तें पाहावें. १९५७ सालीं लिस्बनच्या विमानतळाजवळ विमानांतील उरलेलें अन्न डुकरांस घालण्यांत आलें, आणि रोग युरोपांत शिरला. २००७ सालीं जॉर्जिया देशांतील पोटी बंदरांत तो पुन्हा उतरला; जहाजांवरील खरकट्यांतूनच तो आला, असा तज्ज्ञांचा तर्क आहे. तेथून रशिया व पूर्व युरोप गांठून ऑगस्ट २०१८ मध्यें तो चीनमध्यें प्रकटला. जगांतील सुमारें निम्मीं डुकरें त्या वेळीं चीनमध्यें होतीं. २०२० च्या आरंभीं आसाम व अरुणाचल प्रदेशांत डुकरें मरूं लागलीं, आणि भोपाळ येथील प्रयोगशाळेनें आफ्रिकन वराहज्वराचें निदान केलें. पुढच्याच सालीं मिझोराममध्यें हजारों डुकरें दगावलीं.

ह्या प्रवासांत गोचिडीचें काम थोडें आणि माणसाचें फार. हा विषाणु वाऱ्यावर दूरवर उडत नाहीं. तो मांसाच्या पुरचुंडींत, खरकट्याच्या पिंपांत, व्यापाऱ्याच्या जोड्यांस लागलेल्या शेणमातींत आणि टेंपोच्या तळाशीं बसून प्रवास करितो. खारविलेल्या व वाळविलेल्या मांसांत तो महिनेच्या महिने आणि गोठविलेल्या मांसांत वर्षानुवर्षें जिवंत राहतो. तो माणसास मुळींच बाधत नाहीं. परंतु माणसाच्या हातापायांवांचून त्यास दूरचा पल्ला बहुधा गांठतां येत नाहीं. ह्यांतच त्यास अडविण्याचा मार्ग आहे. माणसानें नेलेला रोग माणसास फाटकाशीं थांबवितां येतो.

फाटकाचे नियम थोडे आहेत. हॉटेलांतील किंवा खानावळींतील उष्टें-खरकटें डुकरांस घालूंच नये. गरिबीमुळें घालणें भाग पडल्यास तें ढवळीत ढवळीत निदान अर्धा तास उकळावें, आणि कच्च्या खरकट्याचें भांडें शिजविलेल्यास लावूं नये. गोठ्यांत वापरावयाचे जोडे फाटकाच्या आंतच ठेवावे. फाटकाशीं जंतुनाशक पाण्याचें उथळ टोपलें ठेवावें; मात्र त्यांत पाय बुडविण्यापूर्वीं जोड्यांची माती ब्रशानें घांसून काढावी, कारण चिखलाखालीं औषध पोंचत नाहीं. खाटीक व व्यापारी ह्यांचे पाय रोज अनेक गोठ्यांस लागतात. त्यांच्याशीं सौदा फाटकाबाहेरच करावा. विकत आणलेलें जनावर निदान तीस दिवस वेगळें ठेवावें व त्याची चाकरी सर्वांच्या शेवटीं करावी. फळविण्यासाठीं एकच नर गांवोगांव फिरविण्याची चाल सोडावी. एकाच सुईनें अनेक गोठ्यांतील डुकरांस टोंचूं नये, कारण रोगी जनावराच्या रक्ताच्या थेंबांत असंख्य विषाणु असतात. आणि डुकरें मोकाट सोडूं नयेत. आपल्या शहरांतील उकिरड्यांवर जीं डुकरें फिरतांना दिसतात, त्यांस हे सर्व नियम एकदमच नाकारलेले आहेत.

इतकें करूनहि रोग आला तर त्याचीं चिन्हें काय? निरोगी डुकराचें उष्णतामान सुमारें १०२ अंश असतें. तें १०५ च्या वर चढतें. जनावर खाणें सोडतें, एकमेकांस बिलगून पडून राहतें. कान, पोट व पाय लाल-निळे होतात. ओकारी व रक्तमिश्रित जुलाब होतात, गाभण मादी गर्भ टाकिते, आणि बहुतेक जनावरें एक-दोन आठवड्यांत मरतात. विषाणु शरीरांत शिरल्यापासून हीं चिन्हें दिसेपर्यंत चार ते एकोणीस दिवस जातात. म्हणून आज धडधाकट दिसणारें जनावर निर्दोष आहेच असें नाहीं. हा कोणता ज्वर, हें नुसत्या डोळ्यांनीं ओळखतां येत नाहीं. रक्ताची तपासणीच करावी लागते. ह्यावर उपचार नाहीं. व्हिएतनामनें २०२३ मध्यें लशीच्या सर्रास वापरास परवानगी दिली, परंतु लस आली तरी फाटकाचें काम संपणारें नाहीं.

खरी कसोटी येथेंच लागते. पहिलें डुक्कर पडलें कीं मालकाच्या मनांत येतें, उरलेलीं आजच विकून टाकावीं, निदान कापून मांस तरी विकावें. त्याच्या जागीं आपण असतों तर आपणासहि तेंच सुचलें असतें. परंतु तें विकलेलें एक जनावर दुसऱ्या गांवच्या शंभर गोठ्यांस बुडवितें. मेलेलें जनावर नदींत टाकणें हेंहि तितकेंच घातक. २०२० सालीं आसामांत प्रेतें नदींत वाहत आलीं, आणि काझीरंगा अरण्यांतील रानडुकरांस वांचविण्यासाठीं वनखात्यास चर खणावा लागला. योग्य मार्ग हा कीं जनावरें जेथल्या तेथें ठेवावीं, येणें-जाणें बंद करावें आणि तात्काळ सरकारी पशुवैद्यास वर्दी द्यावी. २००९ च्या कायद्यानें अशी वर्दी देणें मालकावर बंधनकारकच केलें आहे. आपल्या देशाच्या योजनेप्रमाणें रोगस्थानाच्या एक किलोमीटरच्या आंतील डुकरें मारून, खोल खड्ड्यांत चुन्यासह पुरतात व दहा किलोमीटरपर्यंत नजर ठेवितात.

निरोगी दिसणारीं डुकरेंहि मारावयाचीं, हें ऐकून वाईट वाटतें. आणि ज्याची तीच पेढी आहे त्यानें स्वतः होऊन वर्दी द्यावी, ही अपेक्षा लहान नव्हे. म्हणून नुकसानभरपाई वेळेवर मिळणें हा रोगनिवारणाचाच भाग आहे. ती रखडली तर पुढचा मालक रोग लपवितो. स्पेनचें उदाहरण बोधप्रद आहे. १९६० मध्यें तेथें शिरलेला हा रोग पंचवीस वर्षें हटला नाहीं. १९८५ मध्यें सरकारनें पशुवैद्यांचीं फिरतीं पथकें गोठ्यागोठ्यांत पाठविलीं, रक्त तपासलें, गोठे सुधारले, शेतकऱ्यांचे संघ उभारले व भरपाई दिली. आणि १९९५ मध्यें तो देश रोगमुक्त झाला. लशीवांचून हें घडलें. परंतु २०२५ च्या अखेरीस बार्सिलोनानजीक रानडुकरांत तोच रोग पुन्हा आढळला. तीस वर्षांनंतरहि पहारा ढिला करून चालत नाहीं.

आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं डुकरें नसतील. तरीहि प्रवासांतून मांसाचे पदार्थ आणतांना, उरलेलें अन्न रस्त्यावर फेंकतांना, एखाद्या शेतकऱ्याच्या गोठ्यांत सहज डोकावतांना आपण कोणाच्या तरी फाटकाशीं उभे असतों. त्या वेळीं जोडे बाहेर काढण्याचें आणि खरकटें झांकून ठेवण्याचें भान आपणांस राहिलें, तर एखाद्या अनोळखी घरची मुलाची फी वांचेल.