आभासी वास्तव : व्यवसाय-प्रशिक्षणातील उपयोग

संगणकाने निर्माण केलेल्या त्रिमितीय दृश्यात आपण प्रत्यक्ष वावरत आहोत असा भास प्रशिक्षणार्थीस घडवून त्याच्याकडून कामातील कृतींचा सराव करवून घेण्याची पद्धती. डोक्यावर बसविलेल्या पडद्याने भोवतालचे जग पूर्णतः झाकले जाते, तेव्हा त्यास आभासी वास्तव म्हणतात. पारदर्शक भिंगांतून खरी वस्तू दिसत राहून तिच्यावर रेषा, अंक वा सूचना उमटतात, तेव्हा संवर्धित वास्तव ही संज्ञा वापरतात. ज्या व्यवसायांत नवशिक्याच्या चुकीने जीवितहानी होऊ शकते, त्यांत ही पद्धती विशेष रुजली.

तिचा उगम वैमानिकांच्या प्रशिक्षणात आहे. एडविन लिंक (१९०४–८१) या अमेरिकन संशोधकांनी १९२९ मध्ये वडिलांच्या ऑर्गन-कारखान्यातील भात्यांचा उपयोग करून जमिनीवरच कलणारे व वळणारे विमानकक्ष तयार केले. प्रारंभी ते जत्रेतील करमणुकीचे साधनच ठरले. १९३४ मध्ये हवाई टपालाचे काम अमेरिकी सैन्याकडे आले आणि खराब हवामानात, केवळ उपकरणांवर विसंबून उड्डाण करण्याचा सराव नसलेले अनेक वैमानिक मृत्युमुखी पडले. त्यानंतर सैन्याने असे सहा कक्ष विकत घेतले. आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये शिरोधारित पडदा सिद्ध केला. तो इतका जड होता, की छताला टांगावा लागे.

आधुनिक साधनात दोन्ही डोळ्यांना किंचित भिन्न प्रतिमा दाखवून खोलीचा भास निर्माण करतात. मान वळताच संवेदक तिची नोंद घेतात व संगणक दृश्य नव्याने रेखाटतो. या क्रियेस सेकंदाच्या सु. पन्नासाव्या भागाहून अधिक विलंब झाला, तर डोळे व अंतर्कर्ण यांच्याकडून मेंदूस विसंगत संदेश मिळून मळमळ होऊ शकते. दृश्याच्या मानाने स्पर्श व वजन यांचा प्रत्यय देणे मात्र अद्याप कठीण आहे. वितळजोडकामाच्या (वेल्डिंगच्या) साधनांत खऱ्यासारखीच मूठ हातात देऊन तिचा कोन, अंतर व वेग मोजतात. त्यामुळे धातू व जोडकांड्या वाया जात नाहीत.

शिकलेले कौशल्य प्रत्यक्ष कामात उतरते का, हा या पद्धतीसंबंधीचा मुख्य प्रश्न होय. अमेरिकेतील येल विद्यापीठात १६ शिकाऊ शल्यचिकित्सकांवर केलेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, आभासी सराव केलेल्यांनी पित्ताशय सोडविण्याचे काम २९ टक्के जलद केले. तसा सराव नसलेल्यांकडून पित्ताशयास इजा होण्याची अथवा भलतेच ऊतक भाजण्याची शक्यता पाचपट आढळली. यात लक्षणीय गोष्ट अशी, की या सरावातील दृश्य मुळीच हुबेहूब नव्हते. साध्या पडद्यावर गोल व चौकटी यांसारख्या आकृतीच दिसत. मात्र हातांच्या हालचाली शस्त्रक्रियेतील होत्या आणि तज्ञांची पातळी गाठेपर्यंत सराव थांबविला जात नसे.

संवर्धित वास्तवाचा आरंभ कारखान्यात झाला. टॉम कॉडेल व डेव्हिड मिझेल यांनी १९९२ मध्ये बोईंग कंपनीतील विद्युत् तारांच्या जुडग्यांच्या जुळणीसाठी त्याची कल्पना मांडली. प्रत्येक जुडग्यासाठी स्वतंत्र आरेखनफलक लागे. त्याऐवजी कोऱ्या फलकावरच कामगारास तारेचा मार्ग दिसावा, असा त्यांचा हेतू होता.

सदोष अनुकरणातून चुकीची सवयही तितकीच पक्की होते. १२ नोव्हेंबर २००१ रोजी न्यूयॉर्क येथे एअरबस ए ३००-६०० विमानाचे उभे पुच्छ तुटून २६५ जण मरण पावले. सहवैमानिकाने सुकाणूच्या पायपट्ट्या अनावश्यक व अतिरेकी जोराने आलटूनपालटून दाबल्याचे चौकशीत निष्पन्न झाले. त्याच्या कंपनीच्या प्रशिक्षणातील अनुकरण-यंत्रात, विमान पुष्कळ कलेपर्यंत नियंत्रकांचा परिणाम मुद्दाम रोखून धरला जाई. त्यामुळे पुढील विमानाच्या मागे उठणाऱ्या भोवऱ्यांविषयी वैमानिकांच्या मनात अवास्तव भीती व चुकीची प्रतिक्रिया रुजू शकते, असे चौकशी मंडळाने नोंदविले. हे यंत्र दिसण्यात निर्दोष होते. दोष अभ्यासक्रमाच्या आखणीत होता.

यूरोपीय संघाच्या विमानसुरक्षा संस्थेने शिरोधारित पडद्यावर आधारलेल्या हेलिकॉप्टर-प्रशिक्षण यंत्रास प्रथम मान्यता दिली ती २०२१ मध्ये.