नवे पंच टिकावेत कसे?

मोडनिंबसारख्या गावी आंतरशालेय खो-खोचे सामने भरले, की मैदानाभोवती खेळाडूंचे पालकच अधिक दिसतात. एखादा नवा शिक्षक शिट्टी घेऊन प्रथमच उभा राहतो, एका निर्णयावर ओरड होते, आणि पुढील वर्षी तो गुणलेखनाचे काम मागून घेतो. त्यात त्याचा दोष थोडाच!

पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली या खेळाचे नियम बांधावयास घेतले. नियम आज पुस्तकातून पाठ करता येतात. परंतु बसलेला गडी खो मिळण्यापूर्वी उठला की मिळाल्यावर, हे क्षणार्धात ओळखण्यास डोळा मुरावा लागतो. म्हणून मध्यपाटीच्या एका बाजूस अनुभवी पंच असेल तरच दुसऱ्या बाजूस नव्या शिक्षकास उभे करावे. दोन नवखे एकत्र ठेवू नयेत. सरपंचपद पहिल्या वर्षी देऊच नये. पंचांत मतभेद झाल्यास सरपंचाने दोघांस जवळ बोलावून हळू आवाजात विचारावे. प्रेक्षकांसमक्ष चूक काढलेला शिक्षक सहसा मैदानावर परतत नाही. चूक झालीच असेल, तर सामन्यानंतर एकांतात, प्रसंग पुन्हा मैदानावर उभा करून दाखवावी. आणि त्याच दिवशीच्या पुढील सामन्यास त्यालाच शिट्टी द्यावी.