'न्यूज18 लोकमत' आणि दर्डा घराणं

काल दुबईतल्या अल मनखूलमध्ये मित्राकडे बातम्या लावल्या होत्या. त्याच्या इथेच वाढलेल्या मुलीने विचारलं, "काका, या चॅनलच्या नावात लोकमत कसं?" मराठी वाहिन्यांचा इतिहास हा माझा जिव्हाळ्याचा विषय, म्हणून इथेही लिहितो.

2008 साली नेटवर्क18 आणि लोकमत समूहाने मिळून 'आयबीएन लोकमत' सुरू केलं. संपादक निखिल वागळे.

लोकमत म्हणजे दर्डा घराणं. जवाहरलाल दर्डा स्वातंत्र्यसैनिक आणि राज्यात काँग्रेसचे मंत्री. मुलगा विजय दर्डा तेव्हा राज्यसभेत, तर दुसरा मुलगा राजेंद्र दर्डा पुढे शालेय शिक्षणमंत्री. म्हणजे वाहिनीचे एक भागीदार थेट तेव्हाच्या सत्ताधारी पक्षातले!

पण मालकीवरून सगळं कळत नाही. नोव्हेंबर 2009 मध्ये सचिन तेंडुलकरवर शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरेंनी टीका केली, वाहिनीने त्या टीकेचा समाचार घेतला आणि शिवसैनिकांनी विक्रोळी व पुण्यातल्या कार्यालयांवर हल्ला केला. पत्रकारांना मारहाण झाली. ती दृश्यं मी आजही विसरलेलो नाही. अशा हल्ल्याचं समर्थन होऊच शकत नाही.

2014 मध्ये नेटवर्क18 रिलायन्सकडे गेलं, त्याच वर्षी वागळे बाहेर पडले. सध्याचं नाव 2017 नंतरचं.

'साम'चीही अशीच गोष्ट: वाहिनी सकाळ समूहाची, आणि समूहाचे प्रताप पवार हे शरद पवारांचे बंधू.

बातमी पाहताना मालक कोण हे मी आधी शोधतो. तुम्हाला कुठल्या वाहिनीबद्दल जाणून घ्यायचंय? कमेंटमध्ये विचारा.